येशू कोणत्या पक्षाचा? : वर्गातल्या निवडणुकीतून आलेला एक प्रश्न



आमच्या चौथीच्या वर्गात दरवर्षी वर्गप्रमुखाची निवडणूक होते. उमेदवार, चिन्ह, प्रचार, मतपत्रिका, खोक्याची मतपेटी, बोटाला शाई असं सगळं असतं. मुलांना मजा येते आणि मतदान म्हणजे काय ते शिकवायला वेगळा तास घ्यावा लागत नाही. शाळा परळ भागातली, त्यामुळे प्रचार कसा करायचा हे मुलांना शिकवावं लागत नाही. चौकातले फलक वाचतच ती शाळेत येतात.

मागच्या वेळी एका उमेदवाराने पुठ्ठ्याची छोटी छोटी कार्डं केली होती. चिन्ह होतं पतंग. वर्गात एकच मुलगी ख्रिस्ती आहे. तिच्या कार्डावर मात्र त्याने पतंगाशेजारी एक क्रूस काढला, चांदणी काढली आणि खाली ‘मला मत दे’ असं लिहिलं. मी विचारलं, "हे काय रे?" तो सहज म्हणाला, "बाई, चौकातले काका असंच करतात. गणपतीला गणपती, ईदला चांद, नाताळला येशू. खाली त्यांचा फोटो."

मला हसू आलं. पण दुपारच्या सुट्टीत ती मुलगी कार्ड घेऊन माझ्याकडे आली. "बाई, मी पतंगाला मत दिलं नाही तर येशूला राग येईल का?"

मी "नाही गं, असं काही नसतं" म्हणून तिला पाठवून दिलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं हे मलाही जाणवलं. ज्या मुलाने कार्ड केलं त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तरीही त्या एका चित्रामुळे एका नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं, की आपलं मत आपलं नाही, ते आपल्या देवाचं आहे. धर्माचा पक्षीय राजकारणात वापर म्हणजे नेमकं काय, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही. म्हणून हा लेख.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करूया

आपण मोठी माणसंसुद्धा इथे गोंधळ करतो. ‘धर्म आणि राजकारण’ म्हटलं की तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो.

पहिली गोष्ट, धार्मिक माणसाने राजकारणात असणं. एखादी बाई रविवारी चर्चमध्ये जाते आणि सोमवारी कामगारांच्या मोर्चात जाते. यात गैर काहीच नाही. श्रद्धेतून माणसाला अन्यायाविरुद्ध उभं राहण्याचं बळ मिळत असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट, एखाद्या समाजाने आपल्या अडचणी सरकारपुढे मांडणं. दफनभूमीला जागा हवी, जुनं गावठाण वाचलं पाहिजे, नोकरीत डावललं जाऊ नये. लोकशाहीत प्रत्येक समाज हे करतो आणि त्याने केलंच पाहिजे.

तिसरी गोष्ट, देवाचं नाव, चित्र किंवा खूण वापरून मत मागणं. ‘तू अमुक धर्माचा, म्हणून मला मत दे’ असं सांगणं. किंवा याचीच उलटी बाजू, ‘तो अमुक धर्माचा, म्हणून त्याला मत देऊ नकोस’ असं सांगणं. आक्षेप आहे तो या तिसऱ्या गोष्टीला. ती कोणताही पक्ष कोणत्याही धर्माबाबत करू शकतो. आज आपण येशूचं उदाहरण घेऊ, कारण आपल्या भागात ख्रिस्ती मतदार थोडे आहेत. जिथे संख्या थोडी असते, तिथे हा वापर कसा होतो ते स्पष्ट दिसतं.

येशूच्या गोष्टीतच हा प्रश्न आहे

बायबलमधल्या येशूच्या चरित्रात अशा तीन जागा आहेत. मुलांना त्या गोष्टी म्हणून सांगता येतात.

एका प्रसंगी येशूने मोठ्या जमावाची भूक भागवली. लोक इतके खूश झाले की त्याला धरून राजा करायचं त्यांच्या मनात आलं. हे लक्षात आल्यावर येशू एकटाच डोंगराकडे निघून गेला. गर्दी पाठीशी असताना सत्ता नाकारणारा माणूस, हे मुलांना फार आश्चर्याचं वाटतं.

दुसऱ्या प्रसंगी त्याला अडकवण्यासाठी काही जणांनी विचारलं, की रोमन सम्राटाला कर द्यावा की नाही. ‘द्या’ म्हटलं तर लोक चिडणार, ‘देऊ नका’ म्हटलं तर सरकार पकडणार. त्याने नाणं मागितलं आणि त्यावर चेहरा कोणाचा आहे ते विचारलं. राजाचं राजाकडे आणि देवाचं देवाकडे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. या उत्तराचे अर्थ लोक अनेक प्रकारे लावतात, पण एक गोष्ट उघड आहे. प्रश्न विचारणाऱ्यांना त्याला कुठल्या तरी गटात ढकलायचं होतं आणि तो गेला नाही.

तिसरा प्रसंग क्रूसाचा. रोमन सुभेदार पिलात याने त्याच्या डोक्यावर पाटी लावली होती. त्यावर ‘यहुद्यांचा राजा’ अशा अर्थाचे शब्द होते, म्हणजे आरोप राजकीय होता. ज्याने राजा व्हायचं नाकारलं, त्याला राजा होऊ पाहणारा म्हणून मारलं. येशूच्या नावावर दुसऱ्यांनी आपलं राजकारण करण्याची सुरुवात त्याच्या मृत्यूच्या दिवशीच झाली, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या परळ-दादरच्या मातीतली गोष्ट

हे सगळं दूरच्या देशातलं वाटत असेल तर आपल्या भागात फिरून या.

परळची हाफकिन संस्था सगळ्यांना माहीत आहे. प्लेगची लस शोधणाऱ्या डॉ. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला १८९९ साली तिथे जागा मिळाली. त्याआधी तो मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता. आणि त्याच्याही आधी, पोर्तुगीज काळात, तिथे पाद्र्यांचा मठ आणि प्रार्थनाघर होतं. मठाचा गव्हर्नरचा बंगला कसा झाला? कंपनी सरकारने ती जागा ताब्यात घेतली म्हणून.

त्यामागे राजकारण होतं. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आलं, पण इथले कॅथलिक पाद्री गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालीच राहिले, आणि गोवा पोर्तुगालच्या राजाच्या शब्दात होता. हे लोक आपल्या शत्रूला सामील आहेत असा इंग्रजांना संशय येई. म्हणून १७२० साली कंपनीने त्या पाद्र्यांना बेटावरून जायला सांगितलं आणि थेट रोमच्या अधिकाराखालच्या कार्मेलाईट पंथाच्या पाद्र्यांना आणलं. इंग्रज स्वतः प्रॉटेस्टंट होते. कॅथलिकांची प्रार्थना कोणी सांगावी याच्याशी त्यांना श्रद्धेपोटी देणंघेणं नव्हतं. पाद्री आपल्या सोयीचा हवा, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

पुढे गोव्याची बाजूही परत आली. मग अठराव्या शतकाच्या शेवटी चर्चची वाटणी झाली, काही पोर्तुगीज अधिकाराखाली आणि काही रोमच्या. एकच शहर, एकच धर्म, एकच पंथ, पण अधिकार दोन! हा घोळ १९२८ च्या करारापर्यंत चालला. त्या करारातही असं ठरलं, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. देश आपला, भाविक आपले, आणि पाळी मात्र दोन परक्या सरकारांची. १९५० साली ही पद्धत संपली आणि व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. नंतर १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनलही झाले.

दादर पश्चिमेला गोखले रोडवरचं ‘पोर्तुगीज चर्च’ आपण बसथांब्याचं नाव म्हणून रोज ऐकतो. १५९६ साली स्थापन झालेलं हे चर्च आहे. आजची इमारत वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात बांधली. पोर्तुगीज जाऊन साडेतीनशे वर्षं झाली तरी नाव पोर्तुगीजच. सहज बोलण्यातले शब्दसुद्धा जुन्या सत्तेची आठवण वागवतात, आणि मग एखाद्याला वाटतं की तिथे जाणारे लोकही बाहेरचेच. खरं तर मुंबईचे मूळ ख्रिस्ती, ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो, ते या बेटांवरचेच आणि त्यांची बोली मराठीचीच. गिरगावातल्या खोताच्या वाडीत जा, लाकडी जिन्यांची त्यांची घरं अजून उभी आहेत.

‘ईस्ट इंडियन’ हे नावही राजकारणातूनच आलं. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या वेळी या समाजाने ते घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणारे ख्रिस्ती ‘पोर्तुगीज’ समजले जात. आपण त्यांच्यापेक्षा वेगळे, कंपनीच्या प्रजेपैकी, हे सरकारला दिसावं आणि नोकऱ्यांत आपला विचार व्हावा, हा हेतू होता. ही वर सांगितलेली दुसरी गोष्ट झाली, समाजाने आपली मागणी मांडण्याची. त्यात येशूला कोणी मध्ये आणलं नव्हतं.

काका बाप्टिस्टा

याच समाजातले एक पुढारी मुलांना जरूर सांगावेत. जोसेफ बाप्टिस्टा, म्हणजे सगळ्यांचे ‘काका’. १८६४ साली माझगावात जन्म, केंब्रिजला शिक्षण, व्यवसायाने बॅरिस्टर. लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी. १९१६ साली टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष काका बाप्टिस्टा होते. १९२० साली मुंबईत आयटक ही देशातली पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले.

थोडा विचार करा. टिळकांचं राजकारण गणेशोत्सव आणि शिवजयंतीतून लोकांपर्यंत गेलेलं. त्यांच्या लीगचा अध्यक्ष मात्र कॅथलिक. लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या कामगारांनी या माणसाला काका म्हटलं, ते त्याच्या गळ्यातला क्रूस बघून नव्हे आणि तो क्रूस विसरूनही नव्हे. तो कामाचा होता म्हणून. काकांनी धर्म लपवला नाही आणि विकलाही नाही. मुलांना ‘धार्मिक माणूस राजकारणात’ आणि ‘राजकारणात धर्म’ यातला फरक सांगायचा असेल तर एवढं एक चरित्र पुरे.

गोवा : धर्माचा प्रश्न की राजकारणाचा?

आता गोव्याकडे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जगाला सांगत असे, की गोवा ही पूर्वेकडची ख्रिस्ती भूमी आहे आणि आम्ही ती राखतो आहोत. म्हणजे वसाहत टिकवायची होती आणि ढाल म्हणून क्रूस पुढे धरला होता. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोमला पोप बारावे पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोप यांनाही मान्य असल्याचं नेहरूंनी नंतर सांगितलं. सालाझारची ढालच निघाली. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झटलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हेही ख्रिस्तीच होते आणि त्यांचा शेवट आपल्या मुंबईत झाला, १९५८ साली.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. लगेच पक्ष उभे राहिले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला गोवा महाराष्ट्रात हवा होता आणि त्याचा जोर हिंदू बहुजनांत होता. युनायटेड गोवन्स पक्षाला गोवा वेगळा हवा होता आणि त्याचा जोर ख्रिस्ती समाजात होता. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं चिन्ह दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली आणि दोन पानांना १,७२,१९१.

आपल्याकडे अजूनही घरात, नाक्यावर ऐकू येतं, ‘ख्रिश्चनांनी गोवा महाराष्ट्रात येऊ दिला नाही.’ आता आपण शिक्षक आहोत, तर थोडं गणित करू. एकूण झालेल्या मतदानात वेगळं राहण्याच्या बाजूने सुमारे ५४ टक्के मतं होती. त्या काळी गोवा-दमण-दीवच्या लोकसंख्येत ख्रिस्ती ४० टक्क्यांहून कमी होते. दोन्ही समाजांनी साधारण सारख्या प्रमाणात मतदान केलं असं धरलं आणि एकूण एक ख्रिस्ती मत दोन पानांनाच पडलं असं मानलं, तरी ५४ चा आकडा गाठता येत नाही. म्हणजे हजारो हिंदूंनीही वेगळं राहायचं ठरवलं. त्यांची कारणं वेगवेगळी असतील, कोकणी भाषेची, नोकऱ्यांची, आपलं छोटं राज्य आपल्या हाती असावं याची.

सातवीच्या मुलालाही जमेल असं हे टक्केवारीचं गणित आहे. तरीही ते न करता आपण एका समाजाला एकगठ्ठा ठरवून मोकळे होतो. ‘एकगठ्ठा मतं’ हा शब्द जिथे ऐकाल तिथे आधी आकडे मागा.

कायदा काय म्हणतो?

इंग्रजांच्या काळात, १९३५ च्या कायद्याने, भारतीय ख्रिस्ती मतदारांसाठी काही जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यायचं, अशी ती पद्धत. घटना लिहिताना हा विषय आला. अल्पसंख्याकांना धर्मावर आधारित राखीव जागा नकोत, असा ठराव मे १९४९ मध्ये सल्लागार समितीत मांडला गेला. मांडणारे होते हरेंद्रकुमार मुखर्जी, घटना समितीचे उपाध्यक्ष आणि स्वतः ख्रिस्ती. समितीचे अध्यक्ष सरदार पटेल होते. ठराव मान्य झाला. ख्रिस्ती माणसाचं मत फक्त ख्रिस्ती माणसासाठी नाही, हे एका ख्रिस्ती नेत्यानेच पुढे होऊन सांगितलं.

मग १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आला. त्याच्या कलम १२३ च्या पोटकलम ३ प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणं किंवा त्यासाठी धार्मिक चिन्हं वापरणं हा भ्रष्ट आचार आहे. निवडणूक रद्द होऊ शकते आणि दोषी माणूस सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचाराची जागा म्हणून वापर करायचा नाही.

या कलमाचे गाजलेले खटले आपल्या मुंबईतलेच आहेत. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत हिंदुत्वाच्या नावाने मतं मागितल्याबद्दल रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. पुढे याच प्रकरणात बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. दादरमधून १९९० मध्ये निवडून आलेले मनोहर जोशी यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती कायम केली. सांताक्रूझच्या १९९० च्याच निवडणुकीतलं अभिराम सिंग यांचं प्रकरण तर सात न्यायाधीशांपुढे गेलं. २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल आला. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही चालणार नाही, असं त्यात ठरलं. आमच्या पतंगवाल्या उमेदवाराने नेमकं हेच केलं होतं. धर्म त्याचा नव्हता, मतदार मुलीचा होता!

आणि ख्रिस्ती चिन्हांचं म्हणाल तर केरळचं उदाहरण आहे. मूवाट्टुपुळा मतदारसंघातून २००४ साली पी. सी. थॉमस अवघ्या ५२९ मतांनी लोकसभेवर निवडून आले. प्रचारसाहित्यात पोप आणि मदर तेरेसा यांच्या छायाचित्रांचा वापर झाल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं. केरळ उच्च न्यायालयाने २००६ मध्ये निवडणूक रद्द केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे कायदा एका धर्मासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा असा नाही.

मग नाताळच्या शुभेच्छांचा फलक बेकायदेशीर का? नुसत्या शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला सणाच्या शुभेच्छा द्याव्यातच. पण फलकावर येशू केवढा आणि नेता केवढा, हे मात्र मुलांना बघायला सांगा. उत्तर तेच शोधतील.

भीती दाखवणं हाही वापरच

इथे थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. येशूचं चित्र लावून मत मागणं हा एक वापर झाला. ‘ते सगळे धर्मांतर करायला बसलेत’ अशी भीती घालून दुसऱ्यांची मतं गोळा करणं हा दुसरा. जबरदस्ती किंवा फसवणूक कोणी केली असेल तर त्या माणसावर पोलीस कारवाई व्हावी. पण आपला धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमाने सर्वांना दिला आहे, आणि एकाच्या नावाने सगळ्या समाजाकडे बोट दाखवणं हा न्याय नव्हे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. वसईतल्या मराठी घरातले, मराठीत लिहिणारे, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे. ‘हरित वसई’ चळवळीत ते वसईची शेती आणि पाणी वाचवण्यासाठी उभे राहिले. त्या चळवळीत हिंदूही होते, ख्रिस्तीही होते, विहीर सगळ्यांचीच आटत होती. पण २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. संमेलन झालं आणि अध्यक्षपद त्यांनीच भूषवलं. लेखकाच्या पुस्तकांवर वाद घालावा, जरूर घालावा. त्याच्या झग्यावर कशाला?

जगातही दोन्ही प्रकार दिसतात. जर्मनीत हिटलरच्या काळात ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या गटाने येशू मुळात ज्यू नव्हताच असं सांगायला सुरुवात केली. त्याच देशातल्या दुसऱ्या ख्रिस्ती लोकांनी १९३४ साली बार्मेन गावी जमून जाहीर केलं, की चर्च कुठल्याही राज्यसत्तेचं हत्यार होणार नाही. अमेरिकेत १ जून २०२० ला अध्यक्ष ट्रम्प वॉशिंग्टनच्या एका चर्चसमोर हातात बायबल धरून छायाचित्रासाठी उभे राहिले. त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली ती त्याच चर्चच्या बिशपबाईंनी. धर्माचा वापर झाला की सगळ्यांत आधी दुखावतात ते त्या धर्माचे खरे भाविक, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वर्गात आणि घरात काय करता येईल?

१. फलक वाचन. येता-जाता दिसणाऱ्या सणाच्या फलकांची नोंद करायला सांगा. सण कोणता, चेहरे किती, सर्वांत मोठा चेहरा कोणाचा, पक्षाचं चिन्ह आहे का. पक्षावर चर्चा नको, फक्त मोजणी. पुढचं मुलं आपणहून बोलतात.

२. तीन डबे. वर सांगितलेल्या तीन गोष्टींचे तीन डबे करा आणि चिठ्ठ्यांवर उदाहरणं लिहा. ‘काका बाप्टिस्टा कामगारांसाठी लढले’, ‘दफनभूमीसाठी अर्ज दिला’, ‘देवाचा फोटो दाखवून मत मागितलं’. कोणती चिठ्ठी कोणत्या डब्यात, ते मुलांना ठरवू द्या. एखाद्या चिठ्ठीवर भांडण झालं तर उत्तम, तिथेच शिक्षण होतं.

३. नाव बदलून बघा. ‘येशूच्या’ जागी आपल्या देवाचं नाव घालून वाक्य पुन्हा वाचा. आता कसं वाटतं? आपल्याला जे खटकतं ते दुसऱ्यालाही खटकतं.

४. वर्गात एकच मूल एखाद्या धर्माचं असेल तर ‘तुमच्यात काय करतात ते सांग’ म्हणून त्याला उभं करू नका. ही चूक मीही केली आहे. ते मूल अख्ख्या समाजाचं प्रतिनिधी नसतं. त्याला स्वतःपुरतं बोलू द्या.

पालकांना एक विनंती. निवडणुकीच्या दिवसांत जेवताना आपण जे बोलतो, ‘ते लोक त्यांनाच देणार’, ते मुलं दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर शाळेत घेऊन येतात.

आता राहिली त्या मुलीची गोष्ट. मतदानाआधी मी सगळ्या वर्गाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपण कोणाला मत दिलं ते कोणालाही कळत नाही, बाईंनाही नाही. दोन, देवाला मत मागायचं नसतं, म्हणून त्याचं नाव घेऊन दुसऱ्याने मागू नये. पतंगवाल्या मुलाने विचारलं, "मग मी कार्डं परत घेऊ?" मी म्हटलं, "ते तू ठरव." त्याने फक्त तिचं कार्ड मागून घेतलं, क्रूसावर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, ‘मी रोज फळा पुसीन.’

तिने कोणाला मत दिलं ते मला माहीत नाही, आणि तसंच असायला हवं.

तुमच्या वर्गात असा प्रश्न कधी आला होता का? तुम्ही काय उत्तर दिलंत, ते जरूर कळवा.